सत्तर दिवसांचा बटाटा

९ मार्च, रविवार

उद्यापासून ईस्टरआधीचा मोठा उपवास, सात आठवडे. उरलेलं लोणी आज संपवलं.

संध्याकाळी ब्रसेल्सहून व्येराचा फोन. तिथे पाऊस. म्हातारी बरी आहे. म्हातारी म्हणजे जिची देखभाल करायला व्येरा, माझी बायको, सहा वर्षांपूर्वी गेली, ती. मी विचारलं, "जूनचं नक्की ना?"

"नव्या बटाट्याला येते म्हटलंय ना? तू बटाटा काढ, मी आलेच."

दर वर्षी ती नव्या बटाट्याला येते आणि दोन आठवड्यांनी जाते. यंदा कायमची येणार आहे. जानेवारीत तिनेच सांगितलं.

आमचा बटाटा तळघरातून काढून तसाच लावला तर नव्वद दिवस घेतो. जुलैचा शेवट. बेण्याला आधी कोंब आणून लावला तर सत्तर. व्येरा पूर्वी तसंच करायची. ती गेल्यापासून मी ते सोडून दिलं. यंदा करायचं. वीस एप्रिलच्या आसपास लावला तर जूनच्या अखेरीस बटाटा आणि जूनच्या अखेरीस व्येरा. हिशेब साधा आहे.

वही रेल्वेची आहे. एकोणीस वर्षं फाटकावर होतो, मग मार्गच बंद झाला. तेव्हा गाडी आली, गाडी गेली, एवढंच लिहायचो. आता बटाटे लिहीन.

११ मार्च, मंगळवार

बेणं निवडलं. कोंबडीच्या अंड्याएवढं, त्याहून मोठं नको. एक पोतं सडलेलं निघालं. तळघराची खिडकी नोव्हेंबरात बुजवायला हवी होती. बुजवली नाही.

उरलं ते नऊ पेट्यांत बसलं. सफरचंदांच्या उथळ पेट्या. एकच थर, डोळ्यांची बाजू वर. पाठ धरली.

बाझिली आला. गावात आता घोडी फक्त त्याच्याकडे आहे, त्यामुळे तो कुणाच्याही घरात न विचारता येतो. पेट्यांकडे बघत म्हणाला, "काय रे, यांची काय शाळा भरवलीस का? रांगेत बसवलंयस सगळ्यांना."

"कोंब आणायचेत."

"मग गाणं म्हण. तुझा आवाज ऐकून उठून पळतील तरी."

पेट्या स्वयंपाकघरात चुलीमागे ठेवल्या. तिथे ऊब असते.

२३ मार्च, रविवार

कोंब आले. पांढरे, बारीक, गांडुळासारखे. एक हाताला लागला तो लगेच तुटला.

व्येराला सांगितलं. ती फोनवर ओरडली. "उजेड लागतो त्यांना, एलियाश! उजेड! ती काय कोंबडीची पिल्लं आहेत चुलीमागे ठेवायला?"

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"मी वीस वर्षं तुझ्या डोळ्यांसमोर करत होते. तू बघत काय होतास?"



मग ती दुसरंच बोलायला लागली. म्हातारीच्या घरामागे मोठी बाग आहे, तिथला माळी गेल्या महिन्यात काम सोडून गेला. खालच्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, खिडक्या बागेकडे. "माणूस शोधतायत. मातीतलं कळणारा."

मी म्हटलं, "सापडेल. एवढं मोठं शहर." मग विचारलं, कोंबांना किती अंश लागतात.

ती म्हणाली, "बारा. पंधराच्या वर नको."

२४ मार्च, सोमवार

आठ पेट्या पुढच्या खोलीत नेल्या, खिडकीखाली आणि देवाच्या तसबिरीच्या कोपऱ्याखाली. खोली थंड आहे, उजेड भरपूर. नववी मावेना. ती बंद व्हरांड्यात, काचेजवळ, जुन्या कोटाखाली. दिवसा कोट काढायचा, थंडीत घालायचा. हे आणखी एक काम.

आता पाहुणा आला तर बसवायला जागा नाही. पाहुणे येतात कुठे म्हणा.

२ एप्रिल, बुधवार

कोंब जाड झाले. रंग बदलला, खाली जांभळा, टोकाला हिरवा. नखाएवढे. बोटाने ढकलून पाहिलं, तुटत नाहीत.

रोज सकाळी पेट्या फिरवतो म्हणजे सगळीकडून उजेड मिळतो. आज फिरवताना काहीतरी बोललो त्यांच्याशी. काय ते लिहिण्यासारखं नाही.

७ एप्रिल, सोमवार

देवदूताच्या निरोपाचा सण. देवळात गेलो. बाहेर आल्यावर शेजारची आगाफिया मावशी म्हणाली, "यंदा सोमवार गेला रे बाबा." हा सण ज्या वारी येतो त्या वारी वर्षभर मातीत बी घालायचं नाही. माझे वडील पाळायचे, त्यांचे वडील पाळायचे. एकदा वडिलांनी पाळलं नाही तेव्हा ओटचं पीक गेलं. गारपीट झाली होती हेही खरं.

बाझिली म्हणाला, "सोमवारी घोडी तबेल्यात. बिशप आला तरी."

मला काय, उरलेले वार पुष्कळ आहेत.

१३ एप्रिल, रविवार

व्येरा यंदा ईस्टरलाही येणार होती, ती आता येत नाही. म्हातारी पडली, कंबर दुखावली, तिला सोडून येता येत नाही. त्याऐवजी चार मेला येईन म्हणाली.

"मी पुढच्या आठवड्यात लावून टाकतो," मी म्हटलं. "कोंब तयार आहेत."

"थांब की माझ्यासाठी. दोघं लावू. किती वर्षांत लावले नाहीत."

"दोन आठवडे वाया जातील."

"जाऊ देत ना, एलियाश."

मी विचारलं, किती दिवस राहशील. बस रविवारी सकाळी पोचते, सोमवारी संध्याकाळी परत निघते.

"रविवारी शेतात काम नाही. आणि सोमवार यंदा गेलाय," मी म्हटलं.

"माझ्याकडे तेवढा एकच दिवस आहे रे."

बघू म्हटलं. ज्या माणसासाठी घाई करतोय तोच माणूस उशीर करायला सांगतो. ती म्हणते म्हणून थांबतोय. पटलेलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

 चिडून लिहितोय.

सकाळी शेम्यातिचेला, शहरात गेलो होतो, दाढेसाठी. दाढ काढली. तीनला परत आलो तर पुढची खोली लख्ख. फरशी घासलेली, पडदे धुतलेले, देवाच्या तसबिरीवर नवं कशिद्याचं फडकं. आठही पेट्या रिकाम्या, भिंतीला एकावर एक लावून ठेवलेल्या. दारात पोतं. पोत्यात बटाटे. अंगणात बादली, आणि बादलीत माझे कोंब. सहा आठवड्यांचे.

आगाफिया मावशीकडे आमची किल्ली असते. व्येरानेच जाताना दिली होती. ईस्टरआधी एकट्या पुरुषाचं घर साफ करून द्यावं म्हणून ती आली. ती अजून तिथेच होती, एप्रनला हात पुसत.

"मावशी, हे काय केलंत?"

"अरे, काय अवस्था रे त्या बटाट्यांची! एवढेएवढे कोंब! बाई घरात नसली की असं होतं. बसले आणि एकेक मोडून काढले. चार तास गेले. आता खाता येतील बघ अजून महिनाभर."

"ते बेणं होतं!"

"बेणं तळघरात असतं," ती म्हणाली. "देवाखाली बेणं कोण ठेवतं?"

"मी ठेवतो!"

"मग चिठ्ठी लावायची रे. मला काय स्वप्न पडतं?"

माझ्या तोंडात कापूस होता. निम्मे शब्द तिला कळले नसतील. ती शेवटी पोत्याकडे बघत राहिली, मग खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तिला घरापर्यंत सोडून आलो. वाटेत एक शब्द बोललो नाही, आणि ते मुद्दाम.

व्हरांड्यातल्या नवव्या पेटीवरचा कोट सकाळी घाईत काढायचा राहिला होता, म्हणून ती वाचली.

२४ एप्रिल, गुरुवार

बटाटे परत पेट्यांत लावले. कोंब पुन्हा येतील, पण बारीक आणि पुष्कळ. पहिल्यांदा येतात ते खरे.

बाझिली म्हणाला, "आगाफिया म्हातारी कालपासून जेवली नाही. जा, माफ कर तिला, नाहीतर उपवासाचं पुण्य सगळं तीच नेईल."

गेलो नाही.

२७ एप्रिल, ईस्टर

आगाफिया मावशी देवळातून सरळ माझ्याकडे आली. टोपलीत अंडी, गोड पाव, डुकराच्या मांसाचा तुकडा. "ख्रिस्त उठला," म्हणाली. "खरंच उठला," म्हटलं. दुसरं काय म्हणणार, यावर दुसरं उत्तर नाही. दोघं जेवलो. ती दर दोन घासांनी पेट्यांकडे बघत होती.

रात्रीची वाट न बघता व्येराने दुपारीच फोन केला. मी तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली. थांबेचना. मला वाटलं, हसताहसता रडतेय की काय, पण लाईनवर खरखर होती, नक्की कळेना.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. मला तिथं असायला हवं होतं."

"तेच तर म्हणतोय मी," मी म्हटलं.

३ मे, शनिवार

नवे कोंब मसुरीएवढे. प्रत्येक डोळ्यातून चार-पाच. नवव्या पेटीतले मात्र बोटाच्या पेराएवढे, जांभळे, टणक. तशी पेटी मी यापूर्वी पाहिली नाही.

अंघोळीचं पाणी तापवलं. शर्ट इस्त्री केला. उद्या सकाळी साडेसातला बस.

४ मे, रविवार

आली. केस कापलेत. बारीक झाली आहे, की त्या कोटात तशी दिसते.

आधी पुढच्या खोलीत गेली, पेट्या पाहिल्या. मग व्हरांड्यात नवव्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसली. "तू केलंस हे?" म्हणाली. हो म्हटलं. एक बटाटा हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिली.

देवळातून आल्यावर सगळं गाव तिला बघायला आलं. बोलायला वेळ झाला नाही. ती म्हणाली, "उद्या बोलू. लावता लावता."

"उद्या सोमवार आहे," मी म्हटलं.

ती उठून अंथरूण घालायला गेली. मला वाटलं, पटलं.

५ मे, सोमवार

पटलं नव्हतं.

सहाला उठलो तेव्हा ती माझे बूट घालून, फडकं बांधून अंगणात उभी. हातात फावडं. बाझिलीची घोडी मिळणार नाही हे तिला माहीत होतं.

"चल."

"आज नाही."

"मी तिकडे दर सोमवारी पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत जिना धुते. वीज पडलेली नाही अजून."

"तिकडचं तिकडे."

"एक सरी, एलियाश. एक. बाकीचं तू उद्या कर."

मी व्हरांड्याच्या बाकावर बसलो. ती शेतात गेली आणि एकटीच खणायला लागली. वाळूची जमीन आहे, फावडं सहज जातं, पण तिची सवय गेली आहे. सरी वाकडी चालली होती. इथून दिसत होतं. सांगावंसं वाटलं, डावीकडे घे. सांगितलं नाही. आगाफिया मावशी कुंपणापाशी येऊन क्रूसाची खूण करून गेली.

मी का उठलो नाही हे नीट लिहायला हवं. गारपिटीला घाबरलो नव्हतो. वीस पावलांच्या सरीने गारपीट येत नाही. मला वाटत होतं की आज लावून झालं तर ती काम आटोपून जाईल. काम शिल्लक राहिलं तर कदाचित बस चुकवेल. हे मूर्खपणाचं आहे. तेव्हा तसं वाटत होतं.

सरी कुंपणापर्यंत नेऊन तिने फावडं तिथेच रोवलं. परत आली आणि पायरीवर बसली. बुटांतली वाळू काढली.

"मला तुला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"मी बापासारखा हट्टी आहे. ऐकलंय ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. मग कॉफी केली.

दुपारी तिने विचारलं, "ही नववी पेटी मला दे."

"कशाला?"

"लावायला."

"कुठे?"

"जागा आहे."

मला वाटलं, रागावून म्हणतेय. सगळ्यांत चांगली पेटी! दिली. न देऊन काय करणार, निम्मं श्रेय तिचं आहे. तिने प्रत्येक बटाटा कागदात बसवला, कोंबाला धक्का लागू नये असा. विचारलं, "सत्तर ना?"

"सत्तर. तुला माहीत आहे."

तिने बोटांवर मोजलं. "जुलैचा मध्य."

बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, खाली सामानात टाका ती." ती म्हणाली, "खाली तू बस." गाडी सुटेपर्यंत ती पेटीवरचा माझा जुना कोट नीट करत होती. कोट नेतेय हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

६ मे, मंगळवार

लावले. बाझिली नांगरावर, मी मागे टोपली घेऊन, आणि न बोलावता आगाफिया मावशी. एक पाऊल, एक बटाटा. कोंब वर. ती प्रत्येक बटाटा असा ठेवत होती जणू अंडंच आहे. "चाललं ना रे? असंच ना?" दर दहा पावलांवर. शेवटी म्हटलं, "मावशी, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लावता." ती थांबली, नाक शिंकरलं आणि त्यानंतर सरीभर बोलली नाही.

व्येराच्या सरीपाशी बाझिलीने घोडी थांबवली. "ही मोडून सरळ करू? सापासारखी गेलीय."

"राहू दे." त्यातही लावले.

शेवटच्या सरीत टोपली रिकामी झाली तेव्हा मनाशी मोजलं. आज सहा मे. जुलैच्या मध्याला इथला बटाटा. मग आठवलं की तिनेही तेच मोजलं, पण तिच्या पेटीसाठी. ती पेटी ब्रसेल्समध्ये लावणार. लावलेलं कोणी अर्ध्यात टाकून येत नाही. व्येरा तर नाहीच.

मग जून कुठला?

बाझिलीने विचारलं, "काय झालं? दाढ दुखते का?"

हो म्हटलं.

११ मे, रविवार

तिचा फोन. मी लगेच विचारलं. "तू जूनमध्ये येत नाहीस."

"नाही."

"कधी येतेस?"

"म्हातारीच्या घरचे मला ठेवून घेतायत. हिवाळ्यानंतरही. मी सोमवारी सांगणार होते तुला, लावता लावता. तू बाकावर बसलास."

"फोनवर सांगायचंस."

"मार्चपासून सांगतेय, एलियाश. खोल्या आहेत म्हणून सांगितलं. माणूस हवाय म्हणून सांगितलं. मी अजून काय करू, पत्रिका छापू?"

ती असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. मार्चमध्ये अंशांबद्दल बोलणं झालं होतं.

 लाईनवर तीच खरखर. मला जे बोलायचं होतं ते फार मोठं होतं आणि कुठून धरावं ते कळेना. म्हणून विचारलं, बटाटे लावलेस का.

"गुरुवारी. गुलाबांशेजारी."

"किती खोल?"

"तीन बोटं."

"तीन बोटं! व्येरा!"

"माती चिकट आहे इथली, काळी. फावडं जात नाही. पाऊल उचललं की बुटाला गोळाच येतो."

"मग वरून मातीची भर द्यावी लागेल. लवकर. नाहीतर बटाटे उघडे पडून हिरवे होतील, कुणी खाणार नाही. कुदळी आहे का?"

"खुरपं आहे. फुलांचं. लाल दांड्याचं."

फुलांच्या खुरप्याने बटाट्याला भर! गुलाबांशेजारी! मी इतका चिडलो की फोन ठेवला. मग लक्षात आलं की तिचं बोलणं संपलं नव्हतं.

१३ मे, मंगळवार

दोन दिवस झोप नाही धड. डोळ्यांसमोर ती बाग येते, मी न पाहिलेली. चिकट माती, तीन बोटं खोल. असे कोंब कोणी आणत नाही. मी आणले, आणि गेले कुठे, तर गुलाबांत.

बाझिलीला विचारलं, माझ्या सऱ्यांना भर घालायला किती वेळ लागेल. "घोडीला अर्धा तास. का?"

"मी नसलो तर?"

त्याने टोपी मागे सारली. मग म्हणाला, "आणि कुदळी? ती बसमध्ये नेशील? सीमेवर शिपाई विचारेल, हे हत्यार कशाला."

"सांगेन, बटाट्यांना भर घालायचीय."

"जर्मन माणसाला ते पटेल," बाझिली म्हणाला. "बाकी कुणाला नाही."

आगाफिया मावशी म्हणाली, जा. किल्ली आहे माझ्याकडे. मग घाईने म्हणाली, कशाला हात लावणार नाही.

१५ मे, गुरुवार

शेम्यातिचेला जाऊन पासपोर्टचा फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, डावा कान दिसू द्या, आणि कपाळावरच्या आठ्या काढा. निघाल्या नाहीत. तसाच काढला.

कचेरीतल्या बाईंनी सांगितलं, महिना लागेल. आठ मेला लावलेल्या बटाट्याला साधारण जूनच्या मध्याला भर घालावी लागते. म्हणजे जेमतेम जमतं. किती दिवसांसाठी जाताय, असं त्यांनी विचारलं. अर्जात तसा रकाना नव्हता, सहज विचारलं असावं. मी म्हटलं, आधी ती माती बघतो.

घरी येऊन फोन लावला. सहा वर्षांत मी पहिल्यांदा लावला. नेहमी तीच लावते. आकडे पुष्कळ आहेत, दोनदा चुकलो. एका परक्या बाईचा आवाज आला, मग व्येराचा. ती घाबरली होती. काय झालं, कोण गेलं, म्हणून विचारत होती.

मी म्हटलं, "कोणी नाही. ते खुरपं ठेवून दे. मी येईपर्यंत बटाट्यांना हात लावू नकोस."